आजोळची वाट
माळव्यातील मराठी कुटुंबांच्या एका उन्हाळी प्रवासाचा इतिहास

इतिहासाच्या ग्रंथांत मोहिमा सापडतात, तह सापडतात, राजधान्यांची वर्णने सापडतात. लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात माहेरी निघालेली बाई मात्र त्यांत सापडत नाही. तिच्या प्रवासाची बखर कोणी लिहिली नाही. तरीही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहायचा झाला, तर हा प्रवास वगळून चालणार नाही. अठराव्या शतकात मराठी माणूस उत्तरेकडे गेला तो तलवारीच्या, लेखणीच्या आणि पौरोहित्याच्या बळावर. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदे येथील दरबारांनी त्याच्या भाषेला आश्रय दिला. दरबार गेले, तरी भाषा राहिली. ती राहण्यामागे सभा, मंडळे आणि शाळा यांचे श्रम आहेतच. पण त्यांच्या बरोबरीने, आणि बहुधा त्यांच्याही आधी, आईच्या माहेराकडे जाणाऱ्या वाटेचे श्रेय आहे.

या वाटेचा पुरावा शोधायचा तर तो शाळेच्याच कपाटात आहे. बृहन्महाराष्ट्रातील जुन्या मराठी शाळांच्या प्रवेश-नोंदवह्यांत विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि जन्मस्थळ असे रकाने असतात. वडिलांचा पत्ता इंदूरच्या एखाद्या मोहल्ल्यातला, नोकरी तेथल्याच कचेरीतली किंवा गिरणीतली. जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र सातारा, नाशिक, जळगाव किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील एखादे गाव. याचा उलगडा सोपा आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत होती. आईचे नाव लिहायला त्या नोंदवहीत पुष्कळ काळ रकानाच नव्हता; पण तिचे माहेर जन्मस्थळाच्या रकान्यातून गुपचूप नोंदले जात होते. ज्या गावी मूल जन्मले, त्याच गावी पुढे ते दर उन्हाळ्यात जाऊ लागले. आजोळचा इतिहास या एका रकान्यापासून सुरू होतो.

शब्द आणि नाते

मराठीत ‘आजोळ’ म्हणजे आईच्या आईवडिलांचे घर. वडिलांच्या आईवडिलांच्या घराला असा स्वतंत्र शब्द नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. एकत्र कुटुंबात ते आजी-आजोबा घरातच असत. त्यांच्याकडे ‘जाण्याचा’ प्रश्न नव्हता. नोकरीमुळे वडील दूर गेले, तेव्हा त्या घराला नुसते ‘गाव’ किंवा ‘घर’ म्हटले जाऊ लागले. भेटीला जायचे ते आजोळ. हक्काने परतायचे ते घर. मराठी बालगीतातली आगगाडीही मामाच्याच गावाला जाते. ग. दि. माडगूळकरांच्या त्या सुप्रसिद्ध गीताने ही गोष्ट घरोघर पोहोचवली. पण गीताने ती निर्माण केली नाही. मूल मामाकडे निघाले म्हणजे आई माहेरी निघाली, हा त्या आनंदामागचा खरा व्यवहार होता.

तो व्यवहार नीट ध्यानात घेतला पाहिजे. सासरच्या घरात सुनेने ‘मला माहेरी जायचे आहे’ असे म्हणणे सोपे नव्हते. ‘मुलांना सुट्टी लागली आहे, आजीने बोलावले आहे’ असे म्हणता येत होते. मुले आईच्या आधाराने प्रवास करीत, हे दिसायला खरे. वस्तुतः अनेक वर्षे आईच मुलांच्या आधाराने प्रवास करीत होती.

आगगाडीपूर्वी

रेल्वे येण्यापूर्वी देशावरून किंवा कोकणातून माळव्यात येणे म्हणजे आठवड्यांचा प्रवास होता. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरीकडे निघाले, उठावाच्या धामधुमीत सापडले आणि दोन वर्षांहून अधिक काळाने घरी परतले. ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा वृत्तान्त झाशीच्या वेढ्यासाठी वाचला जातो. परंतु साध्या माणसाला त्या काळी हे अंतर किती मोठे होते, याचाही तो साक्षीदार आहे. उठाव नसता तरी ती वाट बैलगाडीची, पायी चालण्याची, नदीच्या उताराची आणि मुक्कामांचीच होती. अशा वाटेने तान्हे मूल घेऊन दरसाल माहेरी जाणे कोणाला जमणार? त्यामुळे बरीचशी लग्ने त्या त्या संस्थानाच्या परिसरातच जमत. दूरच्या घरी दिलेल्या मुलीला माहेर दिसे ते एखाद्या लग्नकार्याला, यात्रेच्या निमित्ताने किंवा पहिल्या बाळंतपणाला.

त्या काळी माहेरी जाणारी स्वतःच लहान असे, हेही विसरता येत नाही. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचे लग्नही अशाच कोवळ्या वयात झाले. माहेरची ओढ ही तेव्हा एका मुलाची आपल्या आईविषयीची ओढ होती. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला, आणि त्यापुढे शिक्षणाबरोबर हे वय हळूहळू वाढत गेले. वय वाढले तसा माहेरवाशिणीचा अर्थ पालटला. आधी ती परकर सावरत आईकडे येणारी मुलगी होती. पुढे ती दोन मुलांचे हात धरून येणारी आई झाली.

जवळच्या अंतरावरच्या मुलींसाठी माहेराचा ऋतू श्रावण हा होता. नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येई. जात्यावरच्या ओव्यांत या मुराळ्याची वाट पाहणे पुन्हापुन्हा येते. मात्र श्रावणात नद्या भरलेल्या असतात. नर्मदा आणि तापी यांच्या पलीकडे दिलेल्या मुलीला श्रावणाचे आमंत्रण पोचून उपयोग नव्हता. तिच्यासाठी दुसरा ऋतू शोधणे भाग होते. तो शोधून दिला रेल्वेने आणि शाळेने.

लोखंडी वाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला, आणि सह्याद्री ओलांडून रेल्वे देशावर व खानदेशात आली. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. भुसावळ व खंडवा ही स्थानके या मुख्य मार्गावर आली. त्याच वर्षी इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडव्याहून इंदुरास रेल्वे आणण्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. विंध्याचा घाट आणि नर्मदेचे पात्र ही दोन्ही संकटे पार करून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत मीटर-मापाची गाडी इंदुरात पोहोचली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तेव्हा माळव्यातून पुण्याकडे येण्याची वाटही सरळ झाली.

तुकोजीरावांच्या मनात अफू, कापूस, धान्य आणि संस्थानचा महसूल होता. माहेरवाशिणींचा विचार कोणत्याही करारनाम्यात नव्हता. परंतु ज्या अंतराला पूर्वी आठवडे लागत, ते दोन दिवसांवर आले आणि एका पिढीत सोयरिकीचा नकाशा बदलला. इंदूरच्या मुलाला पुण्या-नाशिकची वधू पाहणे आता शक्य झाले, कारण मुलीच्या वडिलांना ‘वर्षातून एकदा तरी येईल’ असे म्हणता येऊ लागले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि या सोयरिकीला त्याने दुसरा आधार दिला. ‘मुलांची परीक्षा कधी संपते ते कळवावे’ हा मजकूर पुढे हजारो घरांतून त्या कार्डांवर गेला असेल.

श्रावणातून वैशाखात

शाळा हे या बदलाचे दुसरे कारण. सण पंचांगाप्रमाणे येतात. सुट्टी वेळापत्रकाप्रमाणे येते. इंग्रजी अमलात न्यायालये आणि शाळा यांना उन्हाळी सुट्टी देण्याची पद्धत रूढ झाली. मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा श्रावणात पंधरा दिवस शाळा बुडवून आजोळी राहणे परवडेना. परीक्षा चुकली तर वर्ष जाई. मग माहेरपणच श्रावणातून वैशाखात सरकले. नागपंचमीची ओवी गाण्यात राहिली. प्रत्यक्षात मुराळी मे महिन्यात येऊ लागला. मुलीच्या माहेरपणाची तिथी शाळेच्या घंटेने ठरावी, हा मराठी कुटुंबजीवनातील मोठा बदल होय. तो कोणी जाहीर केला नाही, त्यावर वाद झाला नाही. तो नुसता घडून गेला.

वैशाखाने या माहेरपणाला स्वतःचे रूप दिले. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे, अक्षय्य तृतीयेचा आंबा, अंगणात वाळणाऱ्या कुरडया व सांडगे, गच्चीवरची अंथरुणे हे सारे उन्हाळ्याचे आहे. ज्यांचे आजोळ कोकणात, त्यांना आणखी एक घड्याळ सांभाळावे लागे. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद होत, म्हणून त्यापूर्वी मुंबईला परतणे आवश्यक असे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या बोटी आणि १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडाली. त्या आठवणी किनाऱ्यावरच्या घरांतून पुष्कळ काळ ताज्या होत्या. नातवंडे सुखरूप पोहोचल्याचे पत्र येईपर्यंत तेथल्या आजीला स्वस्थता नसे.

माळव्यातील शाळांचे निकाल एप्रिलअखेर लागत आणि शाळा जुलैच्या आरंभी उघडत. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होत. त्यामुळे माळव्याची मुले आजोळी असतानाच मामेभावंडांची शाळा उघडे. दप्तरे, नवी पुस्तके, छत्र्या यांची ती लगबग पाहुण्या मुलांना मराठी मुलुखातल्या शाळेचे दर्शन घडवी. एखाद्या धीट मुलाला मामा सरळ वर्गात नेऊन बसवी.

प्रवास

या प्रवासाची तयारी पंधरा दिवस चाले. पत्र्याची ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, मातीची सुरई, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी. वडिलांची रजा मर्यादित असे. बहुतेक घरांत ते स्थानकावर पोहोचवायला येत आणि परत न्यायला महिन्याने येत. प्रवासात आईच्या सोबतीला मामा, धाकटा दीर किंवा त्याच गाडीने जाणारे परिचयाचे कुटुंब असे. नाही तर बायकांचा डबा होताच. मुलांच्या तिकिटाला सवलत होती, आणि नेमके किती वय सांगायचे हा प्रत्येक घरातला नाजूक प्रश्न होता.

इंदूरहून सुटलेली छोटी गाडी राऊ, महू मागे टाकून पाताळपाणीला येई. तेथून घाट सुरू होई. गाडी जपून उतरे, बोगदे येत, मुले ओरडत. घाटाच्या पायथ्याशी कालाकुंड हे लहानसे स्थानक आहे. तेथे पानात बांधून मिळणाऱ्या कलाकंदासाठी आधीपासून पैसे काढून ठेवलेले असत. बडवाहच्या पुढे नर्मदेचा पूल आला, की आई हात जोडी आणि मुलांच्या हातात पैसा देई. तो पात्रात टाकायचा. खंडव्याला गाडी बदलायची. छोट्या गाडीतून उतरून सामानासह मोठ्या गाडीच्या फलाटावर जाणे आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जागा मिळवणे हा प्रवासातला खरा कसोटीचा प्रसंग. पुढे बऱ्हाणपूर, भुसावळ. वाफेच्या इंजिनातून उडालेले कोळशाचे कण डोळ्यांत जात आणि पदराच्या टोकाने आई ते काढी. पाट्यांवरची भाषा, फेरीवाल्यांची हाक आणि शेजारच्या प्रवाशांचे बोलणे हळूहळू पालटत जाई. घरात बोलली जाणारी भाषा बाहेरही बोलतात, सगळेच बोलतात, हमाल आणि तिकीट तपासनीसही बोलतात, हा माळव्यातल्या मुलाला दरवर्षी भुसावळच्या आसपास लागणारा शोध होता.

रेल्वे जेथे संपे तेथून पुढे टांगा, बैलगाडी किंवा मोटार. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पुढच्या काही दशकांत हा शेवटचा टप्पाही सोपा झाला.

आजीची शाळा

आजोळी मुले काय शिकत, याची यादी कोणत्याही अभ्यासक्रमात सापडणार नाही. सकाळी आजोबांबरोबर शेतावर किंवा देवळात, दुपारी ओटीवर सोंगट्या आणि पत्ते, दिवेलागणीला शुभंकरोति आणि परवचा. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेणारे आजोबा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ होते. मराठी अंक ही माळव्यातल्या मुलांची खास अडचण. बाजारात आणि खेळात हिंदी अंक कानावर पडत, त्यामुळे ‘बावीस’चे ‘बाईस’ आणि ‘एकोणतीस’चे ‘उनतीस’ सहज होई. ‘तो जेवतो आहे’ याऐवजी ‘तो जेवून राहिला आहे’ म्हटले की मामेभावंडे हसत.

हसणे सोसावे लागे, पण त्यातून एक भान येई. माळव्याची मराठी अशुद्ध नव्हे. ती हिंदी आणि माळवी यांच्या शेजारात दोनशे वर्षे वाढलेली बोली आहे आणि तिला स्वतःचा गोडवा आहे. तरीही भाषेला एकाहून अधिक रूपे असतात, प्रसंग पाहून ती बदलतात, हे ज्ञान मुलाला व्याकरणाच्या पुस्तकातून मिळत नाही. ते आजीच्या स्वयंपाकघरात मिळते. म्हणी, उखाणे, कहाण्या, आजारपणातली औषधे, भांड्यांची आणि धान्यांची नावे, रागवण्याची आणि लाडाची भाषा यांचा साठा तेथे दरसाल भरून घेतला जाई. जूनअखेर मुले परतत. मराठी शाळेत जुलैमध्ये पुस्तक उघडल्यावर शिक्षकांना मुलांच्या तोंडी जो शब्दसंग्रह आढळे, त्याचा काही भाग त्या वर्षीच्या मे महिन्याने दिलेला असे. देवघेव एकतर्फी नव्हती. शेव घातलेले पोहे, दालबाफले आणि चार हिंदी गाणी ही माळव्याची भेट मामाच्या घरीही पोहोचत होती.

या चित्राची दुसरी बाजूही इतिहासाने पाहिली पाहिजे. पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण चुलीपुढे उभे करणाऱ्या हाताला सुट्टी नव्हती. तो हात बहुधा मामीचा असे. तिलाही माहेर होते, तिचीही मुले आजोळी जायला आतुर असत. पण नणंदा आल्यावर घर सोडून जायचे कसे? मग मेचा पहिला पंधरवडा किंवा जूनचे चार दिवस तिच्या वाट्याला येत. एका घराचे आजोळपण दुसऱ्या बाईच्या श्रमावर उभे असते, ही गोष्ट त्या काळी बोलली जात नसे. शिवाय माहेर हे हक्काचे नव्हते, प्रेमाचे होते. आई गेली की अनेकींची वाट बंद होई. विधवा मुलीचे जाणे अधिकच अवघड असे. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वारसाहक्क देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः समान हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यापूर्वीच्या पिढ्यांतील स्त्रियांना माहेरच्या घरात जे मिळे, ते उन्हाळ्यातले ते दिवसच.

सीमा आणि सवलती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास नव्या मध्य प्रदेशात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली. बडोद्याच्या मराठी मुलांचे आजोळ ऐन सुट्टीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेले. गाड्या तशाच धावत होत्या, घरेही तीच होती. पण महाराष्ट्रात मराठी राज्यभाषा झाली, तेव्हाच सीमेपलीकडे ती केवळ घराची आणि शाळेची भाषा उरली. आजोळच्या प्रवासाला त्यामुळे पूर्वी नव्हते असे महत्त्व आले. याच काळात भोपाळचा अवजड विद्युत कारखाना, भिलाईचा पोलाद प्रकल्प अशा नव्या उद्योगांत आणि सैन्याच्या छावण्यांत मराठी कुटुंबे आली. त्यांच्या पाठीशी दोनशे वर्षांचा मोहल्ला नव्हता, वाडा नव्हता. त्यांच्यापाशी होती फक्त आजोळची वाट.

१९५६ मध्येच केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना मूळ गावी जाण्यासाठी रजा-प्रवास सवलत लागू केली. ‘मूळ गाव’ म्हणून कर्मचारी स्वाभाविकपणे आपल्या वडिलांचे गाव लिहून देत. सरकारी कागदाला पुन्हा एकदा आईचे माहेर ठाऊक नव्हते. तरीही त्या सवलतीवर आलेली कुटुंबे आधी वडिलांच्या गावी आणि तेथून आजोळी जात. एका तिकिटात दोन्ही घरे साधण्याचे कौशल्य गृहिणींना अवगत होते.

ही वाट अडलीही. दुसऱ्या महायुद्धात गाड्या कमी झाल्या आणि अनावश्यक प्रवास टाळा असे आवाहन रेल्वेच करू लागली. ८ ते २७ मे १९७४ या काळात देशव्यापी रेल्वे संप झाला, तो नेमका सुट्टीच्या ऐन मध्यावर. बांधलेल्या ट्रंका पुन्हा सोडाव्या लागल्या. मार्च २०२० मध्ये साथीमुळे प्रवासी गाड्याच थांबल्या. दूरध्वनीच्या पडद्यावर आजी दिसत होती, बोलत होती. मांडीवर घेता येत नव्हते.

महिन्यावरून आठवड्यावर

आज हा मुक्काम एका आठवड्याचा झाला आहे. त्याची कारणे कोणाच्या निष्ठुरपणात शोधू नयेत. आई नोकरी करते, तिची रजा मोजकी आहे. अनेक शाळांचे नवे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते आणि मुले नवी पुस्तके घेऊनच सुट्टीवर जातात. मोठ्यांना प्रवेशपरीक्षांचे वर्ग, लहानांना छंदशिबिरे. मामाही गावी उरलेला नाही. तो पुण्याच्या सदनिकेत आहे किंवा परदेशात. कधी आजी-आजोबाच नातवंडांकडे येतात आणि आजोळच प्रवास करते. इंदूरहून पुण्या-मुंबईस थेट गाड्या आणि रात्रीच्या शयनबस आहेत. खंडव्याचा जुना छोटा मार्ग रुंदीकरणासाठी टप्प्याटप्प्याने बंद झाला. पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट २०१८ पासून वारसा-रेल्वेने, सहलीसाठी म्हणून, पाहता येऊ लागला. ज्या घाटातून आज्या माहेरी गेल्या, तेथे नाती आता छायाचित्रे काढायला जातात.

आठवड्याचाही एक लाभ आहे. आता आई आणि वडील दोघेही बरोबर जातात. सासरची परवानगी हा प्रश्न बव्हंशी उरला नाही, आणि मामीही त्याच आठवड्यात स्वतःच्या माहेरी जाऊ शकते. स्त्रीच्या दृष्टीने पाहिले, तर वाट आखूड झाली तशी मोकळीही झाली. उणीव आहे ती मुलाच्या बाजूला. महिनाभरात जे आपोआप घडे, ते आठवड्यात घडवावे लागते. पहिले दोन दिवस ओळख पटण्यात जातात, शेवटचा दिवस सामान बांधण्यात. उरलेल्या चार दिवसांत आजीशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे आईवडिलांनी निघण्यापूर्वीच ठरवलेले असले पाहिजे. मुलाला सोपे जावे म्हणून आजीनेच हिंदी किंवा इंग्रजी बोलायला सुरुवात केली, तर प्रवास घडतो, आजोळ घडत नाही. तिला तिच्या भाषेत बोलू द्यावे. मुलाला दोन शब्द अडतील. त्यांचा अर्थ विचारण्यासाठी ते तिच्याजवळ जाईल. तेवढ्यासाठीच तर तेथे जायचे असते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळा साठ वर्षे उभी राहते, तेव्हा तिच्या संस्थापकांचे, शिक्षकांचे आणि देणगीदारांचे स्मरण योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीत अनोळखी गावांतल्या त्या आजी-आजोबांनाही स्थान असावे. त्यांनी शाळेची इमारत कधी पाहिली नाही. पण तिच्या विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात भाषेची शिदोरी देऊन परत धाडले.

नोंदवहीतला तो रकाना आता बदलला आहे. बाळंतपणे शहरातल्या रुग्णालयांत होतात आणि जन्मस्थळ म्हणून बहुतेक मुलांपुढे शाळेच्याच शहराचे नाव येते. सातारा, नाशिक, जळगाव, रत्नागिरी ही नावे त्या पानांवर क्वचित दिसतात. आईचे नाव लिहायला रकाना मिळाला, आणि तिच्या माहेरच्या गावाचे नाव कागदावरून गेले. ते गाव मुलाला ठाऊक राहील की नाही, हे आता उन्हाळ्यातल्या त्या एका आठवड्यावर अवलंबून आहे.